मान वळवली, एवढंच!

गेल्या पंधरवड्यात एका साध्या चिठ्ठीवरून आमच्या घरी दोन दिवस जेवणाच्या वेळी कोणी धड बोलेना. आमची लेक नववीत आहे, शाळेच्या खो-खो संघात खेळते. मैदानावर मुलींसाठी बाथरूम नाही. म्हणजे एक आहे म्हणायला, पण तिच्या दाराला कडी नाही आणि नळाला पाणी नाही. संध्याकाळी दोन-दोन तास सराव, आणि या पोरी घरून निघाल्यापासून पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. का, तर मध्येच जावं लागलं तर पंचाईत!

मुलींनी तीनदा अर्ज दिला. तिन्ही वेळा "बघू" एवढंच उत्तर मिळालं. मग बक्षीस समारंभाच्या दिवशी साऱ्याजणी मनगटाला काळी फीत बांधून व्यासपीठावर गेल्या. घोषणा नाही, भाषण नाही. प्रमुख पाहुण्यांनी ढाल देताना सहज विचारलं, "ही फीत कशाची गं?" आणि आमच्या लेकीनं सांगून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी आली. शिस्तभंगाबद्दल पालकांच्या सहीचा माफीनामा द्यावा, नाहीतर जिल्हा स्पर्धेच्या संघातून नाव कमी करण्यात येईल.

"टाक सही करून. चार ओळी लिहायला काय जातंय आपलं?" इति आमचे हे. "खेळायला गेलीस ना, मग खेळायचं. हे राजकारण कशाला मध्ये?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "पोरी पाण्यावाचून धावतात, ते राजकारण नाही वाटतं!"

"तसं नव्हे आई. पण जागा कोणती, वेळ कोणती, हे काही आहे की नाही?"

खरं सांगू? मला दोघांचंही पटत होतं. चिठ्ठी समोर होती, पेन हातात होतं, पण सही काही होईना. रात्री ओटा पुसताना मला एका बाईची आठवण झाली. आपल्या गावापासून, आपल्या काळापासून फार लांबची बाई. तिच्याही पुढे एक सही होती. फरक एवढाच, की तिला केलेली सही मागे घ्यायला सांगत होते.

प्रागची व्हेरा

तिचं नाव व्हेरा चास्लाव्स्का. १९४२ साली प्रागमध्ये जन्मली. देश चेकोस्लोव्हाकिया. हा देश आता नकाशावर नाही, १९९३ पासून त्याचे दोन देश झाले. व्हेरा जिम्नॅस्ट होती. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिनं तीन सुवर्णपदकं मिळवली आणि जपानी लोकांनी तिला अक्षरशः डोक्यावर घेतलं.

टीव्हीवर आपण तो खेळ पाहतो तेव्हा सगळं कसं लीलया चाललेलं दिसतं. पण ती तोल सांभाळायची फळी, जिला बॅलन्स बीम म्हणतात, तिची रुंदी किती असते ठाऊक आहे? अवघी १० सेंटिमीटर. आपल्या हाताचा पंजा आडवा ठेवला की संपली. त्या फळीवर उड्या मारायच्या, गिरक्या घ्यायच्या आणि चेहऱ्यावर हसू ठेवायचं!

१९६८ साली तिच्या देशात मोठं वारं फिरलं. अलेक्झांडर दुब्चेक हे कम्युनिस्ट पक्षाचे नवे नेते झाले आणि त्यांनी कारभार थोडा सैल करायला घेतला. वर्तमानपत्रांवरची बंधनं उठली, लोक मोकळेपणी बोलू लागले. त्या दिवसांना 'प्रागचा वसंत' असं नाव पडलं. जून महिन्यात लुडव्हिक वात्सुलिक या लेखकानं एक जाहीरनामा लिहिला. त्याचं नावच 'दोन हजार शब्द'. सुधारणा अर्ध्यावर सोडू नका, लोकांनी स्वतः पुढं यावं, असा त्याचा आशय होता. अनेक नामवंतांनी त्यावर सह्या केल्या. त्यांत धावपटू एमिल झाटोपेक होते आणि आपली व्हेराही होती.

ऑगस्टच्या २० तारखेच्या रात्री सोव्हिएत रशिया आणि त्याच्या मित्रदेशांचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले. वसंत संपला.

बटाट्याची पोती आणि झाडाची फांदी

ऑलिंपिक दोन महिन्यांवर आलेलं. व्हेरा तेव्हा मोराव्हिया भागात सराव करत होती. जाहीरनाम्यावर सही केलेल्यांची धरपकड होईल, या भीतीनं ती डोंगराळ भागात लपून राहिली. तिथं कुठली व्यायामशाळा आणि कुठली साधनं? झाडाच्या फांदीला लोंबकळून तिनं हातांची ताकद राखली. बटाट्याची पोती उचलली. गवताच्या कुरणावर जमिनीवरच्या कसरती बसवल्या. हातांची कातडी मऊ पडू नये म्हणून फावड्यानं कोळसा ओढला. मैत्रिणींनो, बटाट्याचं पोतं काय किंवा कोळशाचं फावडं काय, या आपल्या ओळखीच्या वस्तू. पण त्यांतून ऑलिंपिकची तयारी होईल, असं कधी मनात तरी आलं असतं का?

अगदी शेवटच्या दिवसांत तिला मेक्सिकोला जायची परवानगी मिळाली. तिकडे तिनं चार सुवर्णपदकं आणि दोन रौप्यपदकं जिंकली. जमिनीवरच्या कसरतीसाठी तिनं मेक्सिकोच्याच लोकनृत्याचं संगीत घेतलं होतं. मग काय विचारता, सारं प्रेक्षागृह तिच्याबरोबर ताल धरू लागलं.

पण निकालात एक गंमत झाली, किंवा कटू गोष्ट म्हणा. बीमवर सुवर्णपदक सोव्हिएत संघाच्या नातालिया कुचिन्स्कायाला मिळालं आणि व्हेराला रौप्य. जमिनीवरच्या कसरतीत, सोव्हिएत संघाच्याच लारिसा पेत्रिकचे आधीचे गुण वाढवले गेले आणि दोघींना सुवर्णपदक विभागून दिलं गेलं. म्हणजे दोन वेळा व्हेरा विजयमंचावर उभी राहिली आणि दोन्ही वेळा सोव्हिएत राष्ट्रगीत वाजलं. ज्यांचे रणगाडे तिच्या प्रागच्या रस्त्यांवर उभे होते, त्यांचं.

तिनं काय केलं? आरडाओरडा नाही, झेंडा फाडला नाही, मंचावरून उतरली नाही. ती सरळ उभी राहिली. फक्त मान खाली घातली आणि उजवीकडे वळवली. गीत संपेपर्यंत तशीच राहिली. एवढंच!

दुसऱ्या दिवशी, २६ ऑक्टोबरला, तिनं मेक्सिको शहरातच लग्न केलं. नवरा तिच्याच देशाचा धावपटू, योसेफ ओद्लोझिल. कॅथीड्रलबाहेर हजारो लोक लोटले होते. नवी नवरी, चार सुवर्णपदकं आणि अवघं जग कौतुक करतंय! कुणालाही वाटावं, हिच्यासारखी भाग्यवान हीच.

मान वळवल्याची किंमत

घरी परतल्यावर किंमत मोजायची वेळ आली. नव्या राज्यकर्त्यांनी 'दोन हजार शब्द'वरची सही मागे घ्या म्हणून सांगितलं. व्हेरानं नकार दिला. झालं, तिच्या नशिबी बंद दारं आली. स्पर्धा संपल्या, परदेशी जायला बंदी, मनासारखं काम मिळेना. कित्येक वर्षं खेळाच्या समारंभांतही तिला थारा नव्हता. तिचं आत्मचरित्र तिच्याच देशात छापायला नकार मिळाला. जपानमध्ये निघालं, तेही बराच भाग गाळून.

ज्यांच्या नावानं देशाची मान उंच व्हायची त्या झाटोपेकांची तर सैन्यातून आणि पक्षातून हकालपट्टी झाली, आणि त्यांच्या वाट्याला अंगमेहनतीची कामं आली. पुढे त्यांनी जाहीर माघार घेतली. त्यांना नावं ठेवण्याचा मला तरी अधिकार वाटत नाही. वर्षानुवर्षं दाबलं गेलं की माणूस वाकतो, हे आपण बायकांना कुणी वेगळं सांगायला नको. म्हणूनच जी वाकली नाही तिचं मोल कळतं.

एकाहत्तर, पंचाहत्तर, ऐंशी, अशी वर्षं गेली. मध्ये मेक्सिकोच्या आग्रहामुळे तिला काही काळ तिथं प्रशिक्षक म्हणून जाता आलं. १९८९ साली तिच्या देशातली राजवट बदलली, व्हाक्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी व्हेराला सल्लागार म्हणून बोलावून घेतलं. पुढं ती देशाच्या ऑलिंपिक समितीची अध्यक्ष झाली आणि १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचीही सदस्य झाली. म्हणजे एकवीस वर्षांनी दार उघडलं! त्यानंतरचंही आयुष्य सुखाचं गेलं असं नाही. घरातल्या मोठ्या दुःखानं ती काही वर्षं पार खचली, मग पुन्हा उठली. २०१६ साली ती गेली. जिम्नॅस्टिक्समधली तिची सातही सुवर्णपदकं वैयक्तिक होती.

त्याच ऑलिंपिकमध्ये, नऊ दिवस आधी

आता गंमत पाहा. त्याच मेक्सिको ऑलिंपिकमध्ये १६ ऑक्टोबरला आणखी एक निषेध झाला. तो चित्रात तुम्ही पाहिला असेल. २०० मीटर शर्यतीनंतर अमेरिकेचे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे दोन कृष्णवर्णीय धावपटू विजयमंचावर चढले, पायांत बूट नाहीत, नुसते काळे मोजे. त्यांच्या लोकांच्या गरिबीची ती खूण. आपलं राष्ट्रगीत सुरू होताच त्यांनी माना खाली घातल्या आणि काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन गोरा होता. त्यानं मूठ उगारली नाही, पण त्या दोघांच्या चळवळीचा बिल्ला छातीवर लावला.

ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष तेव्हा एव्हरी ब्रंडेज होते. त्यांच्या दबावानं स्मिथ आणि कार्लोस यांना संघातून निलंबित करून क्रीडाग्रामातून बाहेर काढलं गेलं. खेळात राजकारण नको, हे कारण. पण १९३६ साली बर्लिनमध्ये याच विजयमंचांवरून जर्मन खेळाडूंनी नाझी सलाम ठोकले होते, तेव्हा त्यांना कुणी घरी धाडलं नव्हतं. नियम सगळ्यांना सारखा असेल तर तो नियम, नाहीतर ती मर्जी.

या गोष्टीत एक बाईही आहे, आणि नेहमीप्रमाणे तिची आठवण कमीच निघते. वायोमिया टायस. १०० मीटर शर्यत लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये जिंकणारी जगातली पहिली व्यक्ती, पुरुष धरूनसुद्धा. मेक्सिकोत ती संघाच्या पांढऱ्या चड्डीऐवजी गडद रंगाची घालून धावली, हाच तिचा निषेध. रिले शर्यतीतलं सुवर्णपदक तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्मिथ-कार्लोसना अर्पण केलं. चळवळीच्या पुढाऱ्यांनी आम्हा बायकांना काही विचारलंच नव्हतं, असं ती पुढे सांगत असे. घरचं कार्य असो की जगाचं, आपल्याला विचारायचं राहूनच जातं!

अमेरिकन धावपटूंना ऑलिंपिकवाल्यांनी घालवलं. व्हेराला ऑलिंपिकवाल्यांनी काही केलं नाही, तिला शिक्षा केली ती तिच्याच सरकारनं. तोंड बंद करणारे हात वेगवेगळे असू शकतात, हे यावरून ध्यानात येतं. सरकारचा हात सगळ्यांत जड, कारण तो नोकरी, पारपत्र, पुस्तक, सगळीकडे पोचतो.

नियमाची बाजूही ऐकू या

पण आमच्या ह्यांचा प्रश्न राहिलाच. जागा कोणती, वेळ कोणती?

मेक्सिकोनंतर काही वर्षांनी ऑलिंपिकच्या सनदेत स्पष्ट लिहिलं गेलं, की स्पर्धेच्या जागी राजकीय, धार्मिक किंवा वांशिक प्रचार नको. तोच आजचा नियम ५०. ऐकताक्षणी हा नियम जाचक वाटतो, पण त्याची बाजू अगदीच पोकळ नाही. टोकियोत २०२१ साली चीनच्या दोन सायकलपटू विजयमंचावर माओंचे बिल्ले लावून आल्या. समितीनं विचारणा केली, ताकीद दिली. कुणाला तो बिल्ला अभिमानाचा, कुणाला तो पाहून अंगावर काटा येईल. एकाला मुभा दिली की दुसऱ्याला नाही कशी म्हणणार? शिवाय त्या मंचावर एकटा खेळाडू नसतो. शेजारी उभ्या असलेल्या मुलीनंही त्या पाच मिनिटांसाठी आयुष्य घालवलेलं असतं.

म्हणून २०२१ मध्ये नियम थोडा सैल झाला. खेळ सुरू होण्यापूर्वी मैदानावर आपलं म्हणणं दाखवा, पत्रकारांशी बोला, पण विजयमंचावर नको आणि कुणा देशाविरुद्ध किंवा माणसाविरुद्ध नको. त्याप्रमाणे टोकियोत महिला फुटबॉलच्या काही संघांनी सामन्याआधी गुडघा टेकून वर्णद्वेषाचा निषेध केला. काही बिघडलं नाही, सामने झाले. पण गोळाफेकीत रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकेच्या रेव्हन साँडर्स यांनी मंचावर हातांची फुली केली, दडपल्या गेलेल्या सगळ्यांसाठी म्हणून. लगेच चौकशी लागली. दोनच दिवसांत साँडर्स यांच्या आईचं निधन झालं आणि चौकशी थांबवली गेली.

आणि २०२४ चं पॅरिस? मनिझा तलाश ही अफगाणिस्तानातून बाहेर पडलेली मुलगी निर्वासितांच्या संघातून ब्रेकिंग या नृत्यप्रकारात उतरली. नाचताना तिनं अंगावरचं निळं वस्त्र पंखांसारखं पसरलं. त्यावर लिहिलं होतं, अफगाण स्त्रियांना मुक्त करा. ती फेरी ती हरलीच होती, पण वर तिला अपात्रही ठरवण्यात आलं. नियमाप्रमाणे बरोबर. पण ज्या देशात मुलींना सहावीनंतर शाळा नाही आणि बाईच्या खेळण्यावर बंदी आहे, तिथल्या मुलीनं नुसतं मैदानात येणं हेच मुळात राजकारण झालं, नाही का? तिनं ते वस्त्र बाजूला ठेवलं असतं तरी ती गोष्ट तिच्या अंगाला चिकटलेलीच होती.

या नव्या, सैल केलेल्या नियमात व्हेराची वळवलेली मान बसते का, ते मी ताडून पाहिलं. नाही बसत. विजयमंच, राष्ट्रगीत आणि दुसऱ्या देशाविरुद्ध, तिन्ही दोष! तरी आज जगात कुणी म्हणत नाही की व्हेरा चुकली.

आपल्याकडे

आपल्या घटनेच्या १९ व्या कलमानं नागरिकाला बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, आणि त्याच कलमात वाजवी निर्बंधही सांगितले आहेत. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, कुणाची बदनामी न करणं, गुन्ह्याला चिथावणी न देणं, अशी ती यादी. माझ्या मते त्यातला सगळ्यांत मोलाचा शब्द 'वाजवी' हा आहे. कुंपण असावं, पण कुंपणानं शेत खाऊ नये.

२०२३ साली आपल्या महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या होत्या, ते तुमच्या डोळ्यांपुढे असेल. लैंगिक छळाची तक्रार होती. तेव्हाही लोक म्हणाले, यानं देशाचं नाव खराब होतं, बेशिस्त आहे ही. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून उचललं. दोन दिवसांनी पदकं गंगेत सोडायला त्या हरिद्वारला गेल्या, तेव्हा वडीलधाऱ्यांनी समजूत घालून परत आणलं. त्या तर कुठल्या विजयमंचावर नव्हत्या, राष्ट्रगीतही चालू नव्हतं. म्हणजे जागा आणि वेळ बदलली तरी "इथं नको" ऐकावं लागतंच. मग योग्य जागा कुठली, हे सांगायची जबाबदारी "नको" म्हणणाऱ्यावर येते.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी जेवताना घरी सांगितलं. हे बराच वेळ आमटीत भात कालवत राहिले. मग म्हणाले, "समारंभ बिघडला, ते मात्र मला आवडलं नाही." लेक म्हणाली, "बाबा, तीन अर्ज दिले होते. चौथा कुठे द्यायचा होता, ते सांगा." त्यावर त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशीही नव्हतं.

शेवटी आम्ही तिघांनी बसून चिठ्ठीला उत्तर लिहिलं. 'समारंभात आगाऊ कल्पना न देता फिती बांधल्या, त्यामुळे पाहुण्यांची अडचण झाली, याबद्दल दिलगीर आहोत.' हे वाक्य ह्यांचं. 'मैदानावर मुलींसाठी कडी आणि पाणी असलेलं बाथरूम हवं, ही मागणी मात्र योग्य आहे, तिच्याबद्दल माफी मागत नाही.' हे वाक्य लेकीचं. खाली मी सही केली. सासूबाई म्हणाल्या, "माझाही अंगठा घ्या हवा तर!" त्या चांगल्या मॅट्रिक झालेल्या आहेत, पण बोलायची त्यांची तऱ्हाच तशी.

लेकीनं त्याच्या पाच नकला काढून मैत्रिणींच्या घरी दिल्या. दोन घरांतून सह्या आल्या. एका आईनं निरोप धाडला, "पटतंय हो, पण आमच्याकडे चालणार नाही." तिला मी दोष देत नाही. झाटोपेकांना देत नाही, तर तिला कसा देऊ?

जिल्हा स्पर्धेच्या संघाची यादी अजून लागलेली नाही. नाव असेल किंवा नसेल. पण काल संध्याकाळी लेक सरावाला निघाली, तेव्हा पाण्याची बाटली भरून घेऊन गेली. मी विचारलं, "अगं, आणि मध्येच जावं लागलं तर?"

"तर सरांना सांगेन, की घरी जाऊन येते," ती म्हणाली. "रोज सांगेन."